झोपलेल्या राजदूतास

सर,

हे मराठीत लिहितेय, कारण इंग्रजीत मला तुमच्यावर नीट चिडता येत नाही. इंग्रजीत तुमच्यापुढे तोंड उघडलं की दुसऱ्याच वाक्याला मी अदबीनं बोलायला लागायचे, आणि तुम्ही मान डोलावत माझा राग असा ऐकून घ्यायचात की जणू एखाद्या परक्या सरकारचा खलिता वाचला जातोय. तर आता ऐका. आज दुपारी तुमची मुलगी आमच्याकडे आली होती. लंडनहून इथे सिंगापूरला कसल्याशा परिषदेला आली आणि त्यातून वेळ काढून एमआरटीच्या गाडीनं पार बेडोकपर्यंत आली. तिनं मला एकच प्रश्न विचारला आणि मी तिच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलले. तुमच्यामुळे. तुम्ही जाऊन सात वर्षं होत आली, तरी माझ्यामागची तुमची कामं काही संपत नाहीत.

तुमच्याकडे मला नेमलं होतं ते तुमचं आत्मचरित्र लिहून काढायला. तुम्ही पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशाचे निवृत्त राजदूत, इथल्या विद्यापीठाचे पाहुणे. मी पुण्याहून शिकायला आलेली, नुकती एम.ए. झालेली, क्लेमेंटीला एका चिनी आंटीच्या फ्लॅटमधल्या खोलीत राहणारी. तुम्ही बोलायचं, मी रेकॉर्ड करायचं, घरी जाऊन लिहायचं आणि दोन वर्षांत पुस्तक. ऐकायला किती सोपं. माझा एम्प्लॉयमेंट पास त्या पुस्तकाला बांधलेला होता. पुस्तक चालू तर मी सिंगापुरात, पुस्तक बंद तर बॅग भरायची. हे मी तुम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "हो, हो, महत्त्वाचं आहे," आणि पाणी आणायला आत गेलात. पाणी हा तुमचा एक स्वतंत्र ताप होता. कुणीही दारात आलं की आधी त्याला बसवायचं, पाणी द्यायचं, घोटभर पिऊ द्यायचं, मग "आमच्याकडे सगळं क्षेम आहे" असं सांगायचं आणि त्यानंतर विचारायचं, की आपलं येणं कशासाठी झालं. तुमच्याकडची रीतच ती. आमच्याकडेही आल्यागेल्याला गूळपाणी देतात, नाही असं नाही. पण मी रोज यायचे. रोज तुम्ही मला विचारायचात, येणं कशासाठी झालं, आणि रोज मी सांगायचे, सर, पुस्तकासाठी. एसी दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही सुटका नव्हती. तो बिचारा हातात ग्लास धरून "अंकल, आय गॉट फाइव्ह मोअर हाउस लाह" म्हणत होता आणि तुम्ही त्याच्या आईची तब्येत विचारत होतात.

बोलायचात मात्र भरपूर. कोको वाळत घातलेल्या अंगणांचं गाव, शाळामास्तर वडील, त्यांची छडी. देश स्वतंत्र झाला तेव्हा तुम्ही परराष्ट्र खात्यात लागलात आणि पहिली नेमणूक झाली ती युरोपातल्या एका थंड राजधानीत. तिथे तुमच्या देशाची वकिलात म्हणजे तुम्ही, एक टायपिस्ट आणि एक रिकामं घर. त्या घराच्या पडद्यांवर तुम्ही मला दोन सकाळी खर्च करायला लावल्यात. पडद्याचं कापड, ते शिवणारी घरमालकीण, झेंड्याच्या काठीला परवानगी न देणारा नगरपालिकेचा कारकून. मग तुमच्याकडे लष्करानं सत्ता घेतली तेव्हाची गोष्ट: रेडिओवर बँड वाजायला लागला की वकिलातीतला शिपाई न सांगता भिंतीवरचा राष्ट्राध्यक्षांचा फोटो उतरवायचा, खिळा मात्र तसाच ठेवायचा. हे सांगताना तुम्ही इतके हसायचात की चष्मा काढून डोळे पुसायला लागायचात. नव्या मंडळींनी तुम्हाला घरी बसवलं, तुम्ही गावी जाऊन कसावा लावलात, शाळेत गणित शिकवलंत. त्यांच्यानंतरच्या मंडळींनी परत बोलावलं. आणि म्हातारपणी तुम्हाला टाकलं पाणीपुरवठा मंडळावर. त्याचा तुम्हाला कोण अभिमान. कुठल्या गावाला कुठून पाइप नेला, कुठे गळती होती, कुठल्या आमदाराच्या मेव्हण्यानं नळ चोरले. चार प्रकरणं, सर. पाइपांवर चार प्रकरणं. सिंगापूर पाण्याचं नियोजन कसं करतं ते बघायलाच तुम्ही इथे आला होतात, त्यामुळे तुमच्या मते पुस्तकाचा गाभा तोच होता. प्रकाशन विभागातली संपादक बाई मला म्हणाली, "लोक पाइपांसाठी पुस्तक घेत नाहीत. ते तीन दिवस कुठे आहेत?"

ते तीन दिवस. तुमचं नाव इंटरनेटवर टाकलं की पहिल्याच ओळीत तेच येतं, अजूनही. शेजारच्या देशात यादवी चालू होती, तुम्ही तिथे राजदूत होतात आणि मध्यस्थीही तुमच्याकडेच होती. दोन्ही बाजू कशाबशा सहीला तयार झाल्या, दिवस ठरला, आणि त्याच दिवशी तुम्ही गायब. वकिलातीनं सांगितलं, राजदूतांची प्रकृती बरी नाही. वर्तमानपत्रांनी सांगितलं, राजदूत दारू पिऊन विश्रामगृहात झोपलेत. त्या तीन दिवसांत एका गावच्या बाजारावर तोफा डागल्या गेल्या आणि माणसं मेली. तुम्ही चौथ्या दिवशी उगवलात, सह्या झाल्या, युद्ध थांबलं, पण तुमची ओळख मागे राहिली ती 'झोपलेला राजदूत' अशी. महिन्याभरात तुम्हाला माघारी बोलावलं. यावर तुम्ही मला रेकॉर्डरसमोर काय दिलंत, तर एक वाक्य: "त्या सुमारास वाटाघाटी झाल्या व करार झाला." मी किती तऱ्हांनी विचारलं. तुम्ही म्हणायचात, "पडद्यांचं सगळं घेतलंस ना?"

मग माझे बाबा गेले. मी पुण्याला धावले, आणि पाचव्या दिवशी परत आले, कारण पुढच्या सोमवारी प्रकरण द्यायचं होतं. दादा म्हणाला, जा, इथलं आम्ही बघतो, आणि मला ते पटलं. विमानतळावरून खोलीवर बॅग टाकली आणि तडक तुमच्याकडे येऊन लॅपटॉप उघडला. तुम्ही पाणी आणलंत, बसलात, क्षेम सांगितलंत आणि विचारलंत, येणं कशासाठी झालं. मी सांगितलं, बाबा गेले, आणि सर, सातवं प्रकरण राहिलंय. तुमचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. तुम्ही लॅपटॉप मिटलात. "तुझ्या लोकांत किती दिवस पाळतात?" मी म्हटलं, तेरा, पण आता कोण पाळतंय. तर तुम्ही चक्क ओरडलात माझ्यावर. वडील असे अर्धे सोडून कुणी कामाला येतं का, आणि अशा हातानं लिहिलेला एक शब्दही मी पुस्तकात घेणार नाही, तेरावा झाल्यावर ये. मी रडत रडत बस पकडली. बाबांसाठी रडत होते की सोमवारच्या तारखेसाठी, देव जाणे. संपादक बाईंना काय सांगू? आमचे राजदूत सुतक पाळतात म्हणून?

दोन दिवसांनी तुम्ही क्लेमेंटीला आलात. एवढे उंच, सुटाबुटातले, हातात स्टीलचा डबा. आंटीनं दार उघडलं आणि घाबरून मला हाक मारली, "युअर बॉस कम, व्हेरी बिग वन!" आपण खाली ब्लॉकच्या मोकळ्या जागेत, त्या दगडी टेबलाशी बसलो, कारण वर आंटीचा टीव्ही चालू होता. डब्यात शेंगदाण्याची आमटी होती, तुमच्याकडची, पण माझ्यासाठी कोंबडी न घातलेली. मी पहिला घास घेतला आणि म्हटलं, ही तर आमची उपासाची आमटी. तुम्ही म्हणालात, ज्याच्या घरी माणूस गेलं त्याच्याकडे चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी आणून द्यायचं असतं, तुला इथे शेजारी कोण आहे. मी खात राहिले. त्या वेळी मी काहीही विचारलेलं नव्हतं, सर. हे मला शपथेवर आठवतंय. मी डब्यात बघून खात होते, आणि तुम्ही पलीकडच्या सायकलींकडे बघत बोलायला लागलात.

सहीच्या आदल्या संध्याकाळी बंडखोरांच्या सेनापतीची आई वारली होती. ती राहायची सरकारच्या ताब्यातल्या गावात, मुलापासून तुटलेली. त्यांच्या लोकांत आई मातीआड होईपर्यंत मुलानं दिलेला शब्द धरत नाहीत. त्या काळात केलेला सौदा, घातलेली शपथ, सगळं वाऱ्यावर. हे त्याच्या हाताखालच्या दोघातिघांना चांगलं ठाऊक होतं आणि त्यांना तो करार नकोच होता. त्यांचा बेत असा, की आज सही होऊ दे, उद्या आपण म्हणू, ती सुतकातली, बांधील नाही. आणि तो शत्रूच्या मुलखात आईला पुरायला गेला असं कळलं असतं, तर त्याच्याच माणसांनी त्याला फितूर म्हणून गोळी घातली असती. तेव्हा तुम्ही आजारी पडलात. तुमच्या झेंड्याच्या गाडीत त्याला मागे निजवलंत, वर पांघरूण घातलंत, ड्रायव्हरला सुट्टी दिलीत आणि स्वतः गाडी चालवत नाक्यांवरून नेलंत. तो आईला माती देऊन, त्यांचं जे काय असतं ते करून परत येईपर्यंत तीन दिवस गेले. मग त्यानं सही केली आणि ती टिकली. परदेशी प्राध्यापकाला हे सांगितलं असतं तर त्यानं विचारलं असतं, आधी सही करून मग नसतं का जाता आलं? मी तसलं काही विचारलं नाही. तुम्ही म्हणालात, "तुला कळेल असं वाटलं." नंतर डबा मागून घेतलात, नळावर धुतलात आणि बस कुठून मिळते ते विचारून निघून गेलात.

पुढचे दोन महिने मी तुमच्याशी भांडले. आठवतंय? तुमच्या स्वयंपाकघरात, तुम्ही त्या आतून खरखरीत मातीच्या वाडग्यात मिरच्या वाटत असताना. मी म्हणायचे, सर, हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशी जाणारा संन्यासीच वर दोरीला तेल लावतोय. तुम्ही म्हणायचात, शब्द दिलाय. तो माणूस आता त्याच्या देशात मंत्री आहे, मुलं राजकारणात आहेत, हे बाहेर आलं तर त्यांना कापतील. बरं, नाव न घालता लिहू. "सगळ्यांना कळेल." बरं, निदान घरी सांगितलंत का? "माझी मुलगी वकील आहे. तिला सांगितलं तर ती खटला लढवल्यासारखी जगभर लढेल." आणि एकदा, मी फारच लावून धरलं तेव्हा, तुम्ही वाटण थांबवून म्हणालात, "त्या बाजारात लोक मेले ते माझ्या तीन दिवसांत मेले. आपण हे छापलं तर सगळे मला माफ करतील. मला ती माफी घ्यायची आहे का, हे कुणी विचारलंय?" मी चिडून मिरच्यांचा हात डोळ्याला लावला आणि तुम्ही तासभर माझ्या डोळ्यावर पाणी मारत बसलात.

पुस्तक अर्थातच रद्द झालं. पडदे आणि पाइप कुणालाही नको होते. माझं कंत्राट संपलं, पास संपायला आला. तुमचे दोन विद्यार्थी इथे मोठ्या हुद्द्यावर होते; तुमच्या एका फोननं मला कुठेतरी चिकटवून घेतलं असतं. तुम्ही फोन केला नाहीत. सरकारी नोकरीत असलेल्या माणसाला असं काही मागायचं नसतं म्हणे, आणि त्यालाही संकटात टाकायचं नसतं. मला संकटात टाकलेलं चालत होतं. त्याऐवजी तुम्ही काय केलंत, तर मला तो मातीचा वाडगा दिलात, वर्तमानपत्रात गुंडाळून. माझी मीच एका बँकेत नोकरी शोधली, मराठी मंडळातल्या एका बाईंच्या ओळखीनं. आमच्याकडे ओळख चालते. वाडग्यात मी आता शेंगदाण्याची चटणी करते. चांगली होते, मिक्सरपेक्षा चांगली, आणि दर वेळी मला तुमचा राग येतो.

तुम्ही गेलात ते तुमच्या देशात गेलात, मला ईमेलवर कळलं. त्यानंतर काही वर्षांनी तो सेनापतीही गेला, मुलं केव्हाच राजकारण सोडून कॅनडात. म्हणजे आता या गोष्टीनं कुणाचंच काही वाकडं होत नाही. शब्द घेणारा गेला, देणारा गेला, मधल्या मधे मी उरलेय, जिच्याकडून कुणी शब्द मागितलासुद्धा नव्हता. तुम्ही गृहीत धरलंत. 'कुणाला सांगू नकोस' एवढंसुद्धा तोंडानं म्हणाला नाहीत. म्हणाला असतात, तर मी तेव्हाच भांडून मोकळी झाले असते.

तर तुमची मुलगी. तुमच्यासारखीच उंच, केस पिकलेले, आणि तुमच्यासारखी अजिबात नाही: मी पाणी आणायच्या आत तिनं विचारलंसुद्धा. "माझ्या वडिलांनी तुम्हाला कधी सांगितलं का, ते तीन दिवस ते कुठे होते?" तुमच्याकडे परराष्ट्र सेवेत शिरणाऱ्या मुलांसाठी प्रशिक्षण संस्था आहे, तिच्या नव्या सभागृहाला तुमचं नाव द्यायचं चाललं होतं, पण बाजारात मेलेल्यांपैकी कुणाच्या तरी नातलगांनी विरोध केला. पुढच्या महिन्यात निर्णय आहे. ती म्हणाली, सभागृह गेलं खड्ड्यात, मला माहीत करून घ्यायचंय. "मी शाळेत होते तेव्हा. वर्गात मला डुलकी लागली की मुली म्हणायच्या, बापावर गेलीय. मी त्यांना विचारलं, डॅडी, तुम्ही खरंच पिऊन पडला होतात का? ते म्हणाले, जेवून घे." आणि ती माझ्याकडे बघत राहिली. पन्नाशीची बाई, सर. परिषदांमधून भाषणं देणारी. माझा मुलगा मधेच येऊन "आई, हू इज धिस आंटी?" विचारून गेला तरी तिनं नजर हलवली नाही. आणि मी म्हटलं, नाही. मला त्यांनी काही सांगितलं नाही. आम्ही फक्त पडद्यांचं आणि पाण्याचं लिहीत होतो.

तिनं नुसतं "बरं" म्हटलं. पोहे खाल्ले, दोनदा घेतले. जाताना माझे हात हातात घेऊन म्हणाली, "तुम्ही त्यांच्याबरोबर दोन वर्षं होतात. मला एवढे सलग दिवस कधीच मिळाले नाहीत." लिफ्टचं दार बंद झालं आणि मी दारातच खाली बसले.

संध्याकाळभर मी स्वतःला समजावतेय, की मी तुमचा शब्द पाळला. नवरा घरी आला, त्याला तसंच सांगितलं, तो म्हणाला, मग बरोबर केलंस की. पण तसं नाहीये. त्या क्षणी मला तुमचा शब्दही आठवला नाही आणि तो सेनापतीही. मला एवढंच दिसलं, की तुम्ही हिला सांगितलं नाहीत आणि मला सांगितलंत. कामावर ठेवलेल्या मुलीला, क्लेमेंटीच्या एका ब्लॉकखाली, न विचारता. हे मी हिला कुठल्या तोंडानं सांगू? "जेवून घे" ऐकून मोठी झालेल्या पोरीला? आणि खरं सांगायचं तर आणखी एक. मला ते आवडलं होतं. बाबा गेल्यावर त्या पंधरवड्यात मला एवढी एकच गोष्ट बरी वाटली होती, आणि ती मला वाटून घ्यायची नव्हती.

तिचं विमान परवा आहे. उद्या सकाळी मी तिला इथल्या हॉकर सेंटरमध्ये नाश्त्याला बोलावलंय, आत्ताच मेसेज केला, ती येते म्हणाली. मी तिला सगळं सांगणार आहे. आई, गाडी, पांघरूण, नाके, सही. बाजाराबद्दल तुम्ही जे म्हणालात तेसुद्धा, म्हणजे माफीचं काय करायचं ते तिचं ती ठरवेल, वकील आहे. तुमची परवानगी मागत नाहीये, आणि हा कागद मी सकाळी निघायच्या आत फाडणार आहे, म्हणजे तुम्हाला कळवलं असंही व्हायला नको. फक्त एका ठिकाणी मी तिच्याशी पुन्हा खोटं बोलेन. तिला म्हणेन, "तुमचे वडील सांगायला तयारच नव्हते. दोन वर्षं मी त्यांच्या मागे हात धुऊन लागले, भांडले, रडले, तेव्हा कुठे एकदा वैतागून बोलले. तुम्ही जवळ असतात आणि एवढा छळ केला असतात, तर तुम्हालाही सांगितलं असतं." ती विश्वास ठेवेल, कारण माझा स्वभाव तिनं आज पाहिलाय. तुम्ही आपणहून बोललात, सर, एवढं मात्र मी तिला देणार नाही.